बाईंना बोलवा

“बाईंना बोलवा. मी दुसऱ्या कुणाशी बोलणार नाही.”

आवाज लिफ्टमधून येत होता. आईच्या कपड्यांचं खोकं कडेवर धरून मी तिच्या घराचं दार ओढून घेत होते, ती तशीच थांबले. लिफ्ट आमच्या मजल्याच्या वर, माझ्या छातीच्या उंचीला अडकली होती. अडकली कसली, त्यानंच अडकवली होती. माणूस लिफ्टदुरुस्तीतला, किल्ल्या त्याच्याकडेच. दारं सताड उघडी, तो कडेला पाय खाली सोडून बसलेला, आणि त्याच्या टाचांमागे तळमजल्यापर्यंत काळी पोकळी.

“कोण बाई?” समोरच्या काकूंनी विचारलं.

“गाडीवाल्या बाई. हाच मजला त्यांचा.”

गाडीवाल्या बाई म्हणजे माझी आई. गेल्या आठवड्यात ती गेली.

मी शाळेत असताना तिनं मनोरुग्णांच्या वॉर्डातली नर्सची नोकरी सोडून ही गाडी धरली. कुणाचं डोकं ताब्यात राहिलं नाही, कुणी स्वतःच्या जिवावर उठलं, की तोवर पोलीस जायचे. आता ही पांढरी गाडी जाऊ लागली. ना भोंगा, ना काठी. एक ड्रायव्हर, एक नर्स. जायचं, खाली बसायचं आणि समोरचा माणूस बोलेपर्यंत थांबायचं. आई तासन्‌तास थांबायची. घरी येईपर्यंत तिच्यातलं थांबणं सगळं संपलेलं असायचं. मी काही सांगू लागले की म्हणायची, “मुद्द्याचं बोल गं, कान किटलेत माझे.” एकदा तर मला वाटलं होतं, आपणही गच्चीच्या कठड्यावर जाऊन बसावं. मग येईल ती, बसेल आपल्यापाशी.

“पोलिसांना कळवलंय मी,” काकू माझ्या कानाशी म्हणाल्या. “दोन दंडुके बसले की येईल ताळ्यावर.”

खरं सांगायचं तर क्षणभर मलाही तेच हवं होतं. मग मी खोकं खाली ठेवलं आणि गाडीचा नंबर फिरवला. तो मला तोंडपाठ होता. शाळेच्या अर्जावर आईचा नंबर म्हणून मी तोच लिहायचे.

गाडी लवकर आली. ड्रायव्हरकाका धापा टाकत जिना चढून वर आले. आईबरोबर त्यांनी इतकी वर्षं काढली होती, की तिच्या खोकल्यावरून ते तिचा मूड ओळखत. त्यांच्यामागे आईच्या जागेवर आलेली मुलगी होती. तिच्या अंगातलं निळं जाकीट नवंकोरं होतं, आईचं नव्हतं, तरी ते काढून घ्यावंसं मला वाटलं.

“अरे, तू होय!” काका लिफ्टकडे बघून म्हणाले, जणू बाजारात भेटला होता. “बसतो हं जरा. गुडघे गेले माझे.”

“बाई कुठायत?”

“सांगतो. आधी दम खाऊ दे.”

ती मुलगी जमिनीवर बसली. काकू पुढे होऊन कुजबुजल्या. “सांगून टाका ना, बाई गावाला गेल्यात म्हणून.”

“नाही, वहिनी. याच्याशी आम्ही कधी खोटं बोललो नाही. आज बोललो, तर पुढच्या वेळी गाडी दिसली की हा पळेल.” मग त्यांनी मला जिन्यापाशी नेलं. आवाज आणखी खाली आणला. “पोलीस गेटवर आलेत. मी थांबवलंय, पण किती वेळ थांबतील कोण जाणे. वर्दी दिसली तर हा आत नाही सरकायचा, खाली जाईल. मागे त्यांनी ओढून नेताना याच्या उजव्या हाताची बोटं मोडली होती.”

“पण हा इथं आला कसा? घरचा पत्ता द्यायचा नसतो ना तुमच्यात?”

“नसतो. तुझ्या आईनं दिला. मी भांडलो तिच्याशी. तर म्हणते कशी, फुकटात लिफ्टवाला मिळाला, तुझ्या का पोटात दुखतं?” काका हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

पोटात माझ्या दुखलं. माझ्या नव्या घराचा पत्ता आई दर वेळी पुन्हा विचारायची.

“त्याला मी सांगते,” मी म्हणाले.

काकांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. “का बरं?”

“ती माझी आई होती.”

“सांग. पण उभ्यानं नको.”

मी फरशीवर बसले. लिफ्टच्या दिव्याखाली त्याचा चेहरा घामेजलेला होता. वयानं माझ्या मामासारखा असेल.

“तुम्ही कोण?”

“बाईंची मुलगी.”

“जेवताना वाचणारी?”

म्हणजे आईच्या बोलण्यातून मीसुद्धा याच्या वाट्याला आले होते.

“आई गेली,” मी म्हणाले. शब्द लागावेत अशाच बेतानं म्हणाले. “गेल्या आठवड्यात. झोपेत.”

त्याचे हलणारे पाय थांबले. ती मुलगी अर्धवट उठली. काकांनी नुसतं बोट वर केलं, तशी ती पुन्हा बसली. आणि मग तो रडायला लागला, तोंड उघडं टाकून, मोठ्यानं. मला अजून रडू आलं नव्हतं. लोक भेटायला यायचे, मी त्यांना पाणी द्यायचे, ते रडायचे, मी ग्लास विसळायचे. आणि हा, ना नात्याचा ना गोत्याचा, माझ्या आईसाठी ऊर फुटेस्तोवर रडत होता. तेही यानंच घेतलं.

“जवळ कोण होतं?” त्यानं विचारलं.

काकू मागून खाकरल्या. काहीतरी बरं सांग, असं ते खाकरणं होतं.

“कोणी नाही.”

“एकट्याच?”

“एकटीच.”

वाकड्या बोटांनी त्यानं नाक पुसलं. “मला फोन करायचा की. मी आलो असतो. बोललो नसतो काही, नुसता बसलो असतो.”

हे वाक्य माझं होतं. आठवडाभर मी ते शोधत होते, आणि यानं ते पोकळीच्या काठावर बसून, सहज, पाणी मागावं तसं म्हणून टाकलं. हिसकावून घ्यावं म्हटलं तरी घेता येईना. कारण हा खरंच आला असता.

“हो,” मी म्हणाले. “तुम्ही आला असता.”

खालून वायरलेसची खरखर आली. त्यानं कान टवकारले.

“पोलीस?”

“आहेत,” काका म्हणाले. “गेटवर. तू आपल्या गाडीतून यायचंस, मागच्या सीटवर.”

“बेड्या?”

“आपल्या गाडीत कधी बघितल्यास?”

त्यानं पाय वर घेतले. “मागे व्हा सगळे.” आत काहीतरी खटकलं आणि लिफ्ट इंचाइंचानं खाली येऊन मजल्याला टेकली. तो बाहेर आला. काका उठले, पण हा निघेना. दार थोडं सरकवून त्याला कान लावून उभा राहिला.

“घासतंय. बाई कधी बोलल्या नाहीत.”

“मलाही नाही बोलली.”

एवढी एक गोष्ट आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हती. मला जरा बरं वाटलं.

तो गुडघ्यांवर बसला, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. चाचपत स्क्रू शोधला. मी मोबाइलचा उजेड धरला. “थोडा खाली,” तो म्हणाला. मी खाली घेतला. काका भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांनी घाई केली नाही.

“एकदा रिकामी फिरवावी लागते,” उठताना तो म्हणाला. “माणूस नंतर.”

लिफ्ट वर गेली. शेवटच्या मजल्यावर थांबल्याचा आवाज आला. मग ती खाली आली, आमच्यापाशी थांबली. दार उघडलं, अजिबात न घासता. आतला दिवा चालू होता. कुणी चढायचं नव्हतं, कुणी उतरायचंही नव्हतं, तरी आम्ही सगळे जरा बाजूला सरलो. दार थोडा वेळ उघडं राहिलं आणि आपोआप मिटलं.