रेघेची जोड

नवऱ्याने नवा वजनकाटा आणला आणि जुना त्याच दिवशी भंगारात दिला.

पाणी तापलं की फुगतं. पातेल्यात ते कळत नाही. समुद्रात कळतं, पण त्यासाठी बरंच उंच जावं लागतं.

कुठल्याशा जुन्या रॉकेटचा तव्याएवढा तुकडा वर्षानुवर्षं आकाशात बिनकामाचा हिंडतो आहे.

कॉरिडॉरच्या भिंतीवर, पाण्याच्या कूलरपासून जिन्यापर्यंत, एक लांबच लांब रेघ आहे. जिन्याकडे जाताना ती हळूहळू वर चढते.

"म्हातारीची तब्येत काय म्हणते?" असं ऑफिसात रोज सकाळी विचारतात. नवीन माणसाला वाटतं, काय प्रेमळ मंडळी आहेत!

आता हे सगळं एका ठिकाणी आणायचं तर सुरुवात बाईंपासून करावी लागेल. बाई म्हणजे उपग्रह केंद्राच्या प्रमुख. आणि म्हातारी म्हणजे त्यांचा उपग्रह. ती वरून समुद्रावर रडारची लहर सोडायची, लहर परत यायला किती वेळ लागला ते मोजायची आणि त्यावरून पाण्याची उंची सांगायची. त्या उंचीतून वितळलेल्या बर्फाच्या पाण्याचा वाटा वजा केला की उरतो तो पाण्याचा फुगवटा, म्हणजेच समुद्राने पोटात घेतलेली उष्णता. भिंतीवरची रेघ त्या उष्णतेची. केंद्र सुरू करणारे अण्णा दर वर्षअखेरीला त्या वर्षाची कागदी पट्टी आधीच्या पट्टीला जोडून चिकटवायचे. निवृत्त झाले तरी त्या एका कामाला यायचेच. टेपसुद्धा घरून आणायचे, कारण ऑफिसच्या टेपवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

म्हातारीचे दिवस भरत आले होते. तिच्या जागी धाकटी जायची होती. पण प्रत्येक यंत्राचा स्वभाव वेगळा. एक दोन मिलिमीटर जास्त सांगतं, दुसरं दोन कमी, आणि समुद्र वर्षाला चढतो तोच मुळी तीन-चार मिलिमीटर. म्हणून धाकटीने काही महिने म्हातारीच्या पाठोपाठ उडायचं, दोघींनी एकच पाणी मोजायचं आणि फरक टिपून घ्यायचा. मगच म्हातारीने जायचं. याला ते जोड म्हणत. जोड लागली की रेघ अखंड.

पण धाकटीचं उड्डाण पुढे ढकललं गेलं, मग पुन्हा ढकललं गेलं. म्हातारीला शेवटी कोणाच्या डोक्यावर न पाडता खाली आणायला लागणारं इंधन बाजूला ठेवलेलं होतं, त्याला हात लावायचा नाही असा नियम. त्यावर जे थोडं उरलं होतं, तेवढ्यावर वाट बघायची.

घरी बाईंच्या नवऱ्याचं वेगळंच चाललं होतं. नव्या काट्यावर उभा राहून तो ओरडला, "अगं, माझं वजन वाढलंय की या काट्याचं डोकं फिरलंय?"

"जुन्यावर उभा राहून बघ."

"तो गेला भंगारात."

"मग आता साक्ष कोणाची काढणार?"

मुलगी खोलीतून म्हणाली, "बाबा, आईला विचारून तरी फेकायचा होता. ती पगार याचाच घेते."

तिघंही हसली. बाई जरा जास्तच हसल्या. तेव्हा हसण्यासारखं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी, ऐन दुपारी, ज्योतिषी बाईंच्या खोलीत आला. ज्योतिषी म्हणजे कक्षेची गणितं करणारा. आकाशातली कुठली वस्तू कधी कुठे असेल ते सांगायचा, म्हणून ते नाव.

"बाई, एक तुकडा म्हातारीच्या वाटेत येतोय. धडकायची शक्यता हजारात एक."

"नियम काय सांगतो?"

"नियम सांगतो, सरका. पण सरकायचं आणि परत आपल्या वाटेवर यायचं म्हणजे दोन्ही वेळा इंधन जाणार. सगळी शिल्लक संपेल." तो दारातच घुटमळला. "संध्याकाळी रडारची ताजी नोंद येईल. एवढा वेळ थांबू या का? बहुतेकदा धोका कमीच निघतो."

"आणि वाढला तर?"

"तर त्याआधी ती आपल्या अँटेनावरून शेवटची फेरी मारेल, तेव्हा आज्ञा पाठवता येईल. जेमतेम वेळ आहे."

"आणि नेमका त्याच फेरीला अँटेनाने दगा दिला तर?"

"मग म्हातारी गेली. आणि आपणही गेलो," असं म्हणून तो हसायला गेला, पण जमलं नाही.

बाईंच्या डोळ्यांपुढे चौकशीची खोली आली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या आणि एक माणूस विचारतोय: तुम्हाला आधीच माहीत होतं, मग थांबलात का? थांबला का नाहीत, असं कुठल्याच चौकशीत कोणी विचारत नाही.

"सरकवा," बाई म्हणाल्या.

"संध्याकाळपर्यंत..."

"सरकवा म्हटलं ना."

म्हातारी सरकली आणि शहाण्यासारखी वाटेवर परतलीही. चौकशी झाली नाही, उलट वरून शाबासकीचा मेल आला. पाठोपाठ बातमी आली की धाकटीचं उड्डाण अजून पुढे गेलंय. आता म्हातारीकडे फक्त खाली येण्यापुरतं इंधन होतं. पुन्हा काही वाटेत आलं तर सरकायला थेंबही नाही, म्हणून ते वापरून तिला उतरवली. वातावरणात शिरली आणि जळून गेली. पुढच्याच महिन्यात धाकटी वर गेली. उड्डाण अगदी झकास झालं, टाळ्याही पडल्या. बाईंनीही वाजवल्या.

वर्षअखेरीला अण्णा आले, खिशात टेप घेऊन. बाईंनी धाकटीची पहिली पट्टी भिंतीला लावून धरली. म्हातारीची रेघ जिथे थांबली होती, तिथून वीतभर अंतर सोडून.

"किती उंचीवर लावू, अण्णा?"

"वर घे थोडी."

"वर घेतली तर समुद्र एकदम उकळला असं दिसतं."

"मग खाली घे."

"खाली घेतली तर इतकी वर्षं आपण उगाच बोंब मारली."

ज्योतिषी कूलरपाशी पेला घेऊन उभा होता. "समुद्रातली तरंगती यंत्रं आहेत, बंदरांतल्या मोजपट्ट्या आहेत. त्यांच्यावरून अंदाज निघतो," असं म्हणून त्याने दोन बोटांमध्ये फट धरून दाखवली. "एवढ्यात कुठेतरी."

समुद्र किती तापतोय याचं सबंध भांडण त्या फटीएवढंच होतं. ते तिघांनाही ठाऊक होतं.

"तू नियमाप्रमाणेच वागलीस," अण्णा म्हणाले. "मीही तेच केलं असतं."

"खरंच?"

अण्णांनी दातांनी टेप तोडली. "नीट धर. वाकडी जातेय."

शेवटी पट्टी मधोमध लावली, आणि टेप फक्त वरच्या कडेला. पुढेमागे कळलंच तर सरकवता येईल, असं अण्णा म्हणाले. एरवी ते चारही कडा अंगठ्याने दाबून दाबून बसवायचे. आता कोणी घाईने जिन्याकडे गेलं की ती पट्टी हलते. म्हणून बाई कूलरवर जातात तेव्हा भिंतीला लागून, सावकाश चालतात.

म्हातारीला सरकवलं त्या संध्याकाळी आलेल्या रडारच्या नोंदीप्रमाणे, म्हातारी जागची हलली नसती तरी तो तुकडा चार किलोमीटर लांबून गेला असता.