दंडावरचं घड्याळ

"पट्ट्याचं चामडंच वाईट निघालं. पुन्हा सैल झालं बघ," बाबा पुटपुटले.

बसच्या दोघांच्या बाकावर आम्ही तिघं दाटीवाटीने बसलो होतो, आई मध्ये. त्यामुळे ते पुटपुटणं आईच्या कानातून थेट माझ्यापर्यंत आलं.

"ताणतं हो. जुनं चामडं ताणणारच," आई समोर बघत म्हणाली. मीही मान डोलावली. गेले काही महिने आमच्या घरात सगळा दोष त्या चामड्याचाच होता.

बाबा घड्याळ मनगटावर बांधत नसत. कोपराच्या वर, दंडावर बांधत. बेकरीत कोपरापर्यंत हात पिठात. मनगटावर असतं तर त्या घड्याळाचा केव्हाच पाव झाला असता. आणि घड्याळाशिवाय तर पान हलायचं नाही. पीठ फुगायला किती ठेवायचं, भट्टीतून ट्रे कधी ओढायचा, सगळं त्या दोन काट्यांवर. दंडाला पुरावा म्हणून पट्ट्याला जादा तुकडा शिवून घेतलेला.

लहानपणी वेळ बघायची तर आम्ही भावंडं बाबांची बाही वर सरकवायचो. शाळेत बाईंनी विचारलं, घड्याळ कुठे बांधतात? मी दंड दाखवला आणि वर्ग फिदीफिदी हसला. रडत घरी आले तर बाबा म्हणाले, "हसू दे. त्यांना कुठे पीठ मळायचंय!" सुट्टीच्या दिवशी आई सुई घेऊन किल्लीच्या फटीतलं वाळकं पीठ कोरत बसायची. "घड्याळ आहे की परात!" घड्याळाला खमिराचा आंबूस वास यायचा. वेळेला वास असतो, असं मला बरीच मोठी होईपर्यंत वाटत होतं. खरं तर अजूनही वाटतं.

माझ्या लग्नात त्यांनी नवा कोट शिवला, पण घड्याळ सवयीने दंडावरच. वेळ बघायला कोट काढून बाही सरसावली, तर माझ्या सासऱ्यांना वाटलं, हे आता भांडायला उठले.

मग बाबांना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, थोडा आराम करा. आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, छातीत पीठ बसलंय, भट्टीकडे फिरकूसुद्धा देऊ नका. हा 'थोडा' कधी संपणार नाही, हे बाबांना सांगायला कुणाचीच जीभ रेटेना. भट्टी आता दादा सांभाळतो. तो येता-जाता म्हणायचा, "बाबा, लवकर या बुवा. माझं काही ऐकत नाही ती." बाबा हसायचे आणि रोज सकाळी आंघोळ करून घड्याळ दंडावर बांधून खुर्चीत बसायचे.

दंड उतरत गेला. घड्याळ घसरून कोपराशी यायचं. मग दुपारी त्यांचा डोळा लागला की आई सुई तापवायची आणि पट्ट्याला आणखी एक भोक पाडायची. उठून बांधलं की घड्याळ पुन्हा जागेवर, आणि आमचं खोटंही.

शेवटी घड्याळच बंद पडलं. दुरुस्तीवाला म्हणाला, याचे भाग आता मिळत नाहीत. म्हणून ही नव्याची खरेदी. बंद घड्याळ आजही दंडावर होतंच.

दुकानातली मुलगी गोड होती. "काकांची लाइफस्टाइल कशी आहे? त्याप्रमाणे सुचवते."

"त्यांची कसली आलीय स्टाइल? बनियन आणि पायजमा," आई म्हणाली.

"पोहतात? धावतात?"

"धावायचे. आमच्या मागे, लाटणं घेऊन," मी म्हटलं.

मुलगी हसली. एक काळं, जाडजूड घड्याळ काढून म्हणाली, "हे पावलं मोजतं. छातीचे ठोकेसुद्धा दाखवतं."

"नको बाई," आई घाईने म्हणाली. "दिसलं की काळजी."

"बरं, काका काम काय करतात?"

बाबांनी तोंड उघडलं, पण आईने मध्येच सुरू केलं. "बेकरी आहे आमची. पिठात हात असतात दिवसभर. धगीला टिकणारं दाखव. आणि पट्टा लांब लागेल हं, दंडावर बांधतात."

मुलीने मापासाठी जुनं घड्याळ मागितलं. बाबांनी ते दंडावरून सोडून तिच्या हातात दिलं. तिने पट्टा उलटसुलट करून पाहिला. "अगंबाई! एवढी भोकं कुणी पाडली?"

आई काउंटरवर वाकली. काचेखालच्या झाडून सगळ्या घड्याळांत एकच वेळ लावलेली होती, तरी ती एकेका घड्याळात ती नव्याने वाचत होती.

"ते चामडं ना, ताणतं–" मी म्हणाले.

"चामडं कशाला ताणेल?" बाबा म्हणाले. आवाज अगदी साधा. "दंड वाळलाय माझा." मग आईकडे वळून, "आणि सुई तापवून चामड्याला लावलीस की वास येतो गं. जन्म भट्टीपुढे गेला माझा. काही करपलं तर मला झोपेतही कळतं."

आईने नुसती त्यांची वर सरकलेली बाही हळूच खाली ओढली.

बाबांनी डावा हात काउंटरवर ठेवला, मनगट वर करून. एवढ्या वर्षांत तिथे कधी काही बांधलेलं मी पाहिलं नव्हतं.

"पोरी, पट्टा साधाच चालेल. घरी बसणाऱ्या माणसाला शोभेल असं दाखव," ते म्हणाले. "भट्टीवर आता मी परत जायचा नाही."