फक्त आमच्याच मशीनवर

दाढीचा फोन आला की मी आधी हात धुतो. कॉम्प्युटरला कामाचे हात लावायचे नाहीत, हा माझ्या मुलाचा नियम. गवंडीकाम सुटून वर्षं झाली, आता हाताला लागलाच तर चहा लागतो; पण नियम तो नियम.

"काका, लावा मशीन."

"लावतो. जेवलास का?"

"जेवतो नंतर. आकडा सांगा."

पडद्यावर आलेला आकडा मी सावकाश वाचून दाखवतो. मग दाढी त्याच्या गावात बसून आमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरतो आणि पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागतो. दाढी मुलाचा जोडीदार, कामातला; मुलगा त्याला दाढीच म्हणायचा, म्हणून मीही. मी शेजारच्या स्टुलावर बसतो. खुर्ची रिकामी, माउसवर हात नाही, आणि बाण मात्र सरळ हवं तिथे जातो. मुलगा याच खुर्चीत काम करायचा. मी मागे उभा राहिलो की मान न वळवता म्हणायचा, "बाबा, सावली पडतेय."

मला अक्षरओळख नव्हती. साठी उलटल्यावर त्याने हट्टाने शिकवली, त्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. पडद्यावर मोठं अक्षर येतं, पुढे शब्द, पुढे ओळ. आपण मोठ्याने वाचायचं. प्रोग्राम ऐकतो आणि बरोबर की चूक ते सांगतो. मला वाचता यायला लागलं तसा त्याने तो सगळ्यांना खुला केला. कोणीही फुकट घ्यावा, आतलं लिखाण उघडून बघावं, सुधारावं, पुढे द्यावं.

"कारागीर आपली थापी अशी चौकात ठेवतो का रे?"

"थापी नाही बाबा, घराचा नकाशा ठेवलाय. ज्याला हवं त्याने बांधावं."

त्या प्रोग्रामला एकच खोड होती, घाई. मी जोडाक्षराला अडलो की हा 'चूक' म्हणून मोकळा.

"सासू आहे तुझा प्रोग्राम. तोंड उघडायच्या आत बोलतो."

तो खूप हसला. "पुढच्या खेपेला त्याला थांबायला शिकवतो."

पुढची खेप आली नाही. दुखणं कळलं आणि हातपाय हलवायच्या आत सगळं आटोपलं. सुनेने त्याचे कपडे देऊन टाकले, चष्मा ठेवला. कॉम्प्युटर जागचा हलवला नाही, कारण दाढीने नको म्हटलं.

दाढीने मला कारण समजावलं होतं. नकाशा चौकात होता खरा, पण घर उभं राहायचं ते फक्त आमच्याच मशीनवर. मुलाने वर्षानुवर्षं एकेक अवजार आणून त्यात बसवलं होतं आणि कुठलं कुठून आणलं ते लिहायचं राहून गेलं. स्वतःला सगळं हाताशी, मग लिहायचं कोणाला सुचतं? मीही नव्या बिगाऱ्याला सांगायचो, "जा, पिंपातलं पाणी आण." पिंप कुठे ते सांगायचोच नाही. तर नव्या खेपेचा प्रोग्राम बांधायचा झाला की दाढी फोन करी, आणि बाण हले.

त्या दिवशी मात्र त्याने आकडा विचारला नाही.

"काका, प्रोग्रामच्या कामाला एक मुलगी आलीय. मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवते. ती म्हणते, प्रोग्राम घाई करतो, म्हातारी माणसं रडकुंडीला येतात. तिला ते दुरुस्त करायचंय."

"मग करू दे की."

"तिच्या विंडोजवर तो बांधलाच जात नाहीये. रोज नवी अडचण. माझ्याकडे दुसऱ्या पद्धतीचं मशीन आहे, तिथलं मी केव्हाच सोपं करून ठेवलंय; पण विंडोजचा प्रोग्राम तिथे बांधता येत नाही, त्याला तुमचंच मशीन लागतं. आणि येणाऱ्या बहुतेकांकडे विंडोजच. चार दिवस झटतात आणि जातात. हीसुद्धा जाईल. नवं कोणी टिकलं नाही तर हा प्रोग्राम माझ्याबरोबर संपला समजा."

"उपाय?"

"आहे. एक फाईल ठेवायची. तिच्यावर टिचकी मारली की लागेल ते ती स्वतःच आणेल, बसवेल, बांधून देईल. कोणाच्याही मशीनवर." तो घुटमळला. "पण मग काका, तुमचं मशीन लागणार नाही."

मी म्हटलं, उद्या सांगतो.

सून दारात उभी होती. "नाही म्हणू नका, बाबा."

"मी कुठे नाही म्हणतोय?"

"उद्या सांगतो म्हणजे काय मग?" तिने पदराने पडद्यावरची धूळ पुसली. "मला तरी कुठे हौस आहे? बाण हलताना मीही ओट्यापाशी उभी राहून बघत असते. भाजी करपते ती उगाच नाही."

परांची उतरवायचा दिवस गवंड्याला नकोसा असतो. ती उतरली की भिंत मालकाची. वरच्या विटेला पुन्हा आपला हात पोहोचत नाही. पण परांचीसकट घर कोणाला राहायला देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी हात धुऊन मीच फोन लावला. "उतरव," म्हटलं. त्याला कळलं.

काम बरेच दिवस चाललं. बाण इतका कधीच हलला नव्हता. मशीनमधलं एकेक अवजार शोधून दाढी त्याचं नाव-गाव त्या फाईलमध्ये लिहीत होता. सगळं इंग्रजीत. मला काही कळत नव्हतं. एकदम मधेच दोन शब्द दिसले आणि मी वाचले: बाबांचे धडे.

"हे काय रे?"

"त्याच्या फोल्डरचं नाव. तुम्हाला सापडावं म्हणून मराठीत ठेवलं असणार. प्रोग्रामला त्याने हाच पत्ता देऊन ठेवलाय. हा पत्ता दुसऱ्या कोणाच्या मशीनवर नसतो, वर काही जुन्या अवजारांना ही अक्षरं वाचता येत नाहीत. तिथेच सगळे अडकत होते."

"अवजारांनाही साठीपर्यंत थांबायला लागणार म्हणायचं."

तो हसला नाही. "काढू ना, काका?"

"काढ."

ते एका जागी नव्हतं, जागोजाग होतं. बाण जाऊन शब्दांवर थांबे, शब्द निळे होत आणि जात. त्या सगळ्या लिखाणात मला वाचता येत होतं तेवढंच जात होतं. सून मागे येऊन उभी राहिली. पडद्यावर तिची सावली पडली.

काम संपलं तशी त्या मुलीने टिचकी मारली. दाढीने तिला फोनवर जोडून घेतलं होतं. बराच वेळ नुसता तिच्या मशीनचा पंखा ऐकू आला आणि मग ती ओरडली, "झालं! अहो, झालं! एवढं सोपं होतं?" मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही पण प्रोग्राम लिहिता का?"

"नाही, बाई. मी शिकतो."

तिने प्रोग्रामची घाईची खोड घालवली. नवी खेप तिनेच बांधली, तिच्या मशीनवर. दाढीने ती आमच्याकडे बसवून दिली तेव्हा बाण शेवटचा हलला. आता दाढी फोन करतो तो 'जेवलात का' विचारायला. बोलणं लवकर संपतं.

सून कामावर गेली की मी हात धुऊन मशीन लावतो. जोडाक्षरांचा धडा उघडतो. पडद्यावर मोठा 'क्ष' येतो. तो मला आता झोपेतही वाचता येईल. मी वाचत नाही. गप्प बसून राहतो. प्रोग्रामही थांबतो.