पहिला घोट माझा

सप्टेंबर लागला की आमच्या पत्रपेटीत त्या दुकानाचं रंगीत पत्रक येऊन पडायचं, आणि मग माझा नवरा माणसात राहायचा नाही. आमच्या जवळच्या आझब्रूक शहराच्या बाहेर, मोठ्या चौकापाशी ते स्वस्ताचं दुकान आहे. एरवी आम्ही तिथून दूध, धुण्याची पावडर, मांजराचं खाणं असलंच काहीबाही आणतो. पण सप्टेंबरात तिथे वाइनची जत्रा भरते. मधल्या रांगांमधले स्वेटर आणि बागेतल्या खुर्च्या हलवून खोक्यांवर खोकी रचतात, आणि दार उघडायच्या आधीपासून बाहेर माणसं ढकलगाड्या धरून उभी असतात. नेहमीच्याच माणसांमध्ये त्या दिवशी एक वेगळीच चुरस असते. कुणी कुणाला नीट नमस्कारसुद्धा करत नाही.

माझ्या नवऱ्याला, रेजिसला, मात्र सगळे नमस्कार करायचे. त्याने जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. आमच्या भागातली निम्मी माणसं त्याच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही सगळ्यांचा तो मास्तरच. वाइनच्या बाबतीतही मास्तर. तो म्हणायचा, नावाजलेल्या गावाचं नाव वाचू नका, त्याच्या शेजारच्या टेकडीवरचं गाव शोधा. बाटली जड असली तर तुम्ही काचेचे पैसे देताय. ज्या सालाबद्दल पेपरात भरभरून लिहून येतं, त्याच्या पुढचं साल घ्या. आणि मागच्या बारीक अक्षरांत बघा, ज्याची द्राक्षं त्यानेच बाटलीत भरली आहे का. पण हे सगळं डोळ्यांचं काम. शेवटचा निकाल नाकाचा.

त्यासाठी त्याची एक पद्धत होती. आधी पाच-सहा वाइनची एकेकच बाटली विकत घ्यायची आणि बाहेर गाडीपाशी यायचं. मागचं दार वर उचलून तिथेच बुचं काढायची. घरून फडक्यात गुंडाळून आणलेले दोन पेले. हुंगायचं, तोंडात घोळवायचं, गवताच्या पट्टीवर थुंकायचं. मग जी पसंत पडेल तिची खोकी आणायला पुन्हा आत पळायचं, दुसऱ्या कुणी उचलायच्या आत. पहिला पेला नेहमी त्याचा. तो डोळे मिटून नाक आत घालायचा आणि मी पाव खात बाजूला उभी राहायची. माझ्या पावात मारवालचं चीज नको, एवढी त्याची ताकीद असायची. आमच्याकडचं ते चीज असं घाणतं की गाडीत त्याचा डबा असेल तर वाइनचा वास कुणालाच लागणार नाही.

त्या वर्षी मी घाईत नेमकं तेच चीज घातलेले पाव घेऊन आले. गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं. म्हटलं, आता बोलणी खावी लागणार. पण रेजिस काहीच बोलला नाही. काच बंद होती, मला स्वतःलाच तो वास सहन होत नव्हता, आणि हा आरामात गाडी चालवत होता.

दुकानातून बाटल्या घेऊन आम्ही बाहेर आलो. त्याने पहिली उघडली, पेल्यात ओतली आणि पेला माझ्यापुढे धरला.

"आधी तू."

"मी? आज काय माझा वाढदिवस आहे?"

"घे गं. इतकी वर्षं मीच घेतोय."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. बूर्गेयची वाइन होती ती, हलकी, छान. मी हसले. तो माझ्याकडे बघत होता. मग त्याने घोट घेतला आणि म्हणाला, "चांगली आहे. रासबेरी."

दुसरी ब्लायची. ती आंबट, कडवट निघाली, माझं तोंड वाकडं झालं. "ही नको," तो लगेच म्हणाला. त्याने अजून पेला ओठाला लावला नव्हता.

तेव्हा माझ्या मनात काही आलं नाही. आलं ते तिसऱ्या बाटलीला. ती कहोरची होती, जवळजवळ काळी. मी पेला नाकाशी नेला आणि तेवढ्यात पलीकडून जोझियानची हाक आली. जिल्बेर आणि जोझियान आमचे शेजारी. जिल्बेर दरवर्षी रेजिसच्या ढकलगाडीवर डोळा ठेवून असायचा, तो काय उचलतो तेच उचलायला. मी वळून तिला हात केला. परत बघते तर रेजिस पेला हातात घेऊन माझ्याकडे टक लावून बघत होता, थांबल्यासारखा. शिकाऊ पोरगं चाकामागे बसलं की तो रस्त्याकडे कमी आणि त्याच्या चेहऱ्याकडे जास्त बघायचा. पोरगं घाबरणार कधी ते त्याला आधी कळायचं. तशीच ती नजर होती. माझ्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, कारण मी अजून हुंगलंच नव्हतं.

जिल्बेर येऊन उभा राहिला. "काय मास्तर, काय निकाल?"

रेजिसने घोट घेतला. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "ही घे. डोळे मिटून घे. काळे मनुके, थोडं चामडं. सहा युरोत अशी मिळायची नाही."

"खरं?" जिल्बेरने माझ्या हातातला पेला घेऊन नाकाशी नेला आणि झटक्यात मागे केला. "अरे, हिला बुचाचा वास लागलाय! ओल्या तळघरात सडलेला पुठ्ठा!" आणि तो गडगडून हसला. "मला गंडवतोस होय! मी ही नासकी खोकी भरून न्यायची आणि तू आत जाऊन चांगली उचलणार! जोझियान, बघ गं, हा मास्तर किती बनेल आहे."

"लाज वाटते का मास्तर, शेजाऱ्याला फसवायला?" जोझियानही हसायला लागली.

रेजिसही हसला. "पकडलंस बाबा," म्हणाला. पण त्याचे कान लाल झाले होते. मी पेला परत घेऊन हुंगला. लहान मूलही तोंड फिरवेल असा वास होता.

ते दोघं गेल्यावर मी विचारलं, "तुला खरंच कळलं नाही?"

"कळलं. गंमत केली जिल्बेरची."

"मग गिळलीस कशाला? थुंकायची ना."

उरलेल्या बाटल्या न उघडताच त्याने ढकलगाडी फिरवली आणि आत जाऊन बूर्गेयची चार खोकी आणली. खोकी गाडीत ठेवताना मी बघत होते, तो सगळं उजव्या हाताने उचलत होता.

आमचं गाव कासेलच्या टेकडीपलीकडे. चढ लागला तेव्हा ऊन होतं, दोन्हीकडे बीटाची शेतं, बीट उपसायला सुरुवात झालेली. अर्ध्या चढावर मला जळका वास आला.

"काहीतरी जळतंय का रे?"

त्याने जराशी मान वर केली, हुंगल्यासारखं केलं. "शेतात पाला जाळत असतील."

मी काचेतून बघितलं. कुठेच धूर नव्हता. पण गाडीच्या वासाच्या बाबतीत माझ्या नवऱ्यावर कुणी शंका घ्यायची नसते. शिकाऊंच्या गाडीत बसून त्याची सगळी हयात गेली. क्लचचा नुसता भपका आला की तो मागच्या गाडीतलंही सांगायचा. तो म्हणाला पाला, तर पालाच.

वास वाढत गेला. डोळे चुरचुरायला लागले. टेकडीच्या माथ्यावरच्या दगडी रस्त्यावर गाडी धडधडली तेव्हा मागून बेल्जियमच्या नंबराचा एक बीटाचा ट्रक हॉर्न वाजवत आमच्या पाठीला लागला. दिवे मारतोय, हॉर्न देतोय.

"घाई बघ याला," रेजिस म्हणाला. "या बेल्जियमवाल्यांना गाडी चालवायला शिकवतं कोण?"

उतार सुरू झाला. मी सहज माझ्या बाजूच्या आरशात बघितलं. मागच्या चाकातून करडा धूर लांबलचक रस्त्यावर सुटला होता, आणि त्या धुरात मध्येच काहीतरी पिवळं हललं.

"रेजिस, थांबव! थांबव गाडी, आग आहे!"

"कुठे?"

"मागे! अरे, तुला वास येत नाहीये का?"

त्याने ब्रेक दाबला. गाडी लगेच थांबली नाही. त्याचा पाय पुन्हा पुन्हा खाली जात होता आणि उतार पुढे वळत होता. मग त्याने गिअर खाली खाली आणत, कठड्याला घासत गाडी गवतात घातली. ते मात्र त्याने अगदी शांतपणे केलं. दुसरं कुणी असतं तर आम्ही खालच्या घरांवर जाऊन आदळलो असतो.

मी दार उघडून बाहेर पडले. चाकातून ज्वाळा येत होत्या, रबर वितळून ठिबकत होतं. ट्रकवाला आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आला. दांडगा, लाल केसांचा माणूस. "बाई, लांब व्हा! लांब!" त्याने पांढरा फवारा मारला. डिकीत काहीतरी फुटलं, आणि एक बाटली फुटली की दुसरी फुटत होती. लाल वाइन मागच्या दारातून गवतात गळायला लागली.

आग विझली तेव्हा ट्रकवाला कमरेवर हात ठेवून रेजिससमोर उभा राहिला. "अहो, चाकाचा ब्रेक अडकलाय तुमचा. केव्हापासून घासतोय तो! मागे माझ्या केबिनमध्ये वास येत होता. काचा लावून घेतल्या मी! आणि तुम्हाला गाडीत बसून कळलं नाही?"

रेजिस म्हणाला, "आभारी आहे तुमचा."

गाडी ओढून नेणारे येईपर्यंत आम्ही कठड्यावर बसून होतो. त्याने एक पेला कुठून तरी शोधून काढला होता, तो तुटला नव्हता, आणि तो उगीच हातात फिरवत होता.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"मार्चपासून." त्याने लपवायचा प्रयत्नही केला नाही. "आधी कॉफी गेली. मला वाटलं, तू दुसरी आणलीस. मग साबण. मग पाऊस पडून गेल्यावरची बाग. सर्दी असेल, जाईल, म्हणत राहिलो. उन्हाळा संपला तरी जाईना."

"आणि दुकानात?"

"तुझ्या तोंडाकडे बघून बोलत होतो."

"मला का नाही सांगितलंस?"

त्याने पेला गवतात ठेवला. "तुझा वास पण येत नाही," तो म्हणाला. "उशीवर. मी रात्री हात लावून बघतो, तू आहेस का."

मला रडू आलं नाही. मला भीती वाटली. नुसतं नाक गेलेलं नाही, हे मला तिथेच, त्या जळक्या वासात बसून कळलं होतं. कसं ते सांगता येणार नाही. सगळं उजव्या हाताने उचलणं, वर्षभरात त्याची बारीक होत गेलेली सही, हे सगळं एकदम एका रांगेत येऊन उभं राहिलं.

लीलच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मृदू बोलायच्या. त्यांनी त्याला लांब बोळातून चालायला लावलं. मी पहिल्यांदाच त्याला तसा पाठमोरा चालताना बघत होते. उजवा हात झुलत होता. डावा कुणी अंगाला शिवून टाकल्यासारखा होता.

मग त्यांनी मला विचारलं, "हे झोपेत ओरडतात का? हातपाय मारतात?"

"मारतात की," मी म्हणाले. "दोन वर्षं झाली. मागे माझ्या डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं. आम्ही हसायचो, स्वप्नात शिकाऊ पोरांना ब्रेक लाव म्हणून लाथा घालतोय म्हणून."

डॉक्टरीणबाईंचं लिहिणं थांबलं. त्या हसल्या नाहीत. पुढे आणखी तपासण्या झाल्या, पण आजाराचं नाव आम्हाला त्या खोलीतच कळलं होतं, ते त्यांनी नंतर उच्चारलं एवढंच. पार्किन्सन. औषधं आहेत, त्या म्हणाल्या, आणि बरीच वर्षं नीट जातात. रेजिसने त्यांना एकच विचारलं, वास परत येईल का. त्या नाही म्हणाल्या.

जिल्बेरला मीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो एक बाटली घेऊन आला आणि आमच्या स्वयंपाकघरात बसला. कहोरचीच होती ती. हसूनही त्याने दोन खोकी नेली होतीच, आणि आम्ही उघडलेली ती बाटली सोडली तर बाकीच्या उत्तम निघाल्या होत्या. त्याने ओतली, हुंगली, आणि मास्तरसमोर परीक्षेला बसल्यासारखा म्हणाला, "लाल आहे. ओली आहे. आणखी काय सांगू बाबा, मला येत नाही हे."

रेजिस हसला. म्हणजे हसला असावा. ओठ हलले, बाकी चेहरा जागचा हलला नाही. जिल्बेर माझ्याकडे बघायला लागला.

नोव्हेंबरात एका रविवारी एलोदीचा, आमच्या मुलीचा, नांतहून फोन आला. तिला आम्ही अजून काही सांगितलं नव्हतं. मी फोन रेजिसकडे दिला. तो नेहमीसारखा बोलला, हवा कशी आहे, गाडीला बर्फासाठीचे टायर बसवलेस का, पोरांच्या शाळेचं काय. मग त्याने फोन माझ्याकडे दिला आणि बागेत गेला.

"आई," एलोदी म्हणाली, "बाबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून का बोलत होते? मला धड काही ऐकू आलं नाही. त्यांना फोन तोंडाजवळ धरायला सांग ना."

बोलताना तो माझ्या शेजारीच बसला होता. फोन त्याच्या ओठांना टेकला होता.

"फोनच खराब झालाय गं," मी म्हटलं. "बघते, नवीन आणते."