उलटे स्वल्पविराम

मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकाचं प्रूफ बाईंनी खिडकीजवळच्या टेबलावर पसरलं, चष्मा पुसला आणि पहिल्याच पानावर त्यांची पेन्सिल अडली.

बाई म्हणजे छापखान्यात प्रुफं तपासणाऱ्या बाई. चौतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाल्या, घरात बसून भिंतींशी बोलायचा कंटाळा आला, म्हणून इथं येऊ लागल्या. वर्गात फळ्याकडे तोंड करून लिहितानाही मागे कोण कोणाचं बघून लिहितंय ते त्यांना कळायचं, अशी त्यांची ख्याती होती. शाळा सुटली तरी ही खोड सुटली नव्हती.

छापखाना जुन्या पद्धतीचा. इथं अजून शिशाचे खिळे हातानं जुळवत. खिळा म्हणजे करंगळीपेक्षाही बारीक असा धातूचा तुकडा, त्याच्या माथ्यावर एक अक्षर. प्रत्येक अक्षराचा खण वेगळा. जुळारी डोळ्यांपुढे मजकुराचं पान ठेवतो आणि एकेक खिळा उचलून हातातल्या पट्टीत ओळ रचत जातो. अवतरणचिन्हांची तेवढी इथं एक गंमत होती. बोलणं संपल्याची चिन्हं अपॉस्ट्रॉफीच्या खणातून मिळत, पण बोलणं सुरू झाल्याची चिन्हं या खिळ्यांच्या संचात मुळातच नव्हती. त्यावर थोरल्या मालकांच्या काळापासून तोडगा ठरलेला होता. दोन स्वल्पविराम घ्यायचे आणि डोक्यावर उभे करायचे. उलटा केला की स्वल्पविराम ओळीच्या माथ्यावर जाऊन बसतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं, छान, आता कुणीतरी बोलणार.

बाईंच्या पुढ्यातल्या पानावर अकरा ठिकाणी हे स्वल्पविराम सरळच होते. ओळीच्या पायाशी जोडीजोडीनं पडलेले, जणू बोलणारा बोलायच्या आधीच ठेचकाळला होता.

पानावर बाकी एकही चूक नव्हती. काना नाही, मात्रा नाही, अक्षर नाही. बाईंना खटकलं ते हेच. धांदरट मूल कुठंही चुकतं. जे मूल एकाच जागी चुकतं, त्याच्या मनात काहीतरी असतं.

आणि चुकणारा माणूस होता इथला जुना जुळारी, ओळंबा. त्याच्या ओळी इतक्या सरळ असायच्या की गवंड्यानंही त्यावरून भिंत बांधावी, म्हणून थोरल्या मालकांनी हे नाव पाडलं. अडतीस वर्षांत ते इतकं मुरलं की बाई ते आडनावासारखं वापरत, “अहो ओळंबे” म्हणत, आणि तेही “ओ बाई” म्हणून ओ देत. प्रुफावरच्या खुणा बाईंना पहिल्यांदा शिकवल्या त्या ओळंब्यांनीच. तीन दिवस समोर बसवून, एकदाही आवाज न चढवता. बाईंनी तेव्हा घरी जाऊन सुनेला सांगितलं होतं की हा माणूस शाळेत असता तर माझी नोकरी गेली असती.

बाईंनी अकराही जागी पेन्सिलीनं खुणा केल्या. दुसऱ्या दिवशीच्या पानावर नऊ निघाल्या, तिसऱ्या दिवशी तेरा. दुरुस्त्या मशीनवाला करायचा, तो वैतागला. म्हणाला, ओळंबेकाकांना सांगा ना, मी दिवसभर काय स्वल्पविरामांना कोलांट्या उड्या मारायला शिकवू का. बाईंनी ओळंब्यांना हळूच विचारलं. त्यांनी मान डोलावली, “लक्ष ठेवतो” म्हणाले, आणि बाईंकडे न बघता त्यांच्या कानाच्या बाजूला कुठंतरी बघत राहिले.

नजर चुकवणारं मूल बाईंना नवीन नव्हतं.

मग त्या बघू लागल्या, आणि बघू लागल्यावर काय, दिसायलाच लागलं. ओळंबे हल्ली सगळ्यांच्या आधी येत. मालकानं त्यांच्या खणांवर नवा दिवा लावून देतो म्हटलं, तर नको म्हणाले. बाजारात बाई समोरून येत होत्या, हसल्याही, आणि हा गृहस्थ अनोळखी माणसासारखा शेजारून निघून गेला. पण सगळ्यात वाईट गोष्ट फाइलीतली होती. लेखकाच्या हस्ताक्षरातली मूळ पानं एका फाइलीत असत. बुधवारी छापखाना बंद होताना बाईंनी ती सहज चाळली, तर पुढची चार पानं गायब. गुरुवारी सकाळी ती जागच्या जागी. फक्त एका पानाला तेलाचा बारीक डाग होता आणि दोन पानांच्या मध्ये निळ्या दोऱ्याचा तुकडा. बाईंनी तो दोरा पाकिटात घालून पर्समध्ये ठेवला. शुक्रवारी तेच. शनिवारी तेच.

हे सगळं त्यांनी धाकट्या मालकाला सांगितलं असतं की नाही, कोण जाणे. पण मशीनवाल्यानं कोलांट्या उड्यांची तक्रार त्याच्या कानावर घातली होती, आणि सोमवारी सकाळी तोच बाईंच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

धाकटा मालक तिसरीत बाईंच्या वर्गात होता. बाईंसमोर तो अजूनही हात मागे बांधून उभा राहायचा. गेल्या वर्षी त्याचं नाक कापलं गेलं होतं. नाक्यावर त्याच्या चुलतभावाचा छापखाना होता, आणि तिथून असंच एक गोष्टींचं पुस्तक दहा दिवस आधी बाजारात आलं, त्यात दोन गोष्टी नाव बदलून जशाच्या तशा. शाळांनी ते घेतलं. याचं पुस्तक गठ्ठ्यांमध्ये पडून राहिलं. आतलं कुणीतरी पानं बाहेर देतंय हे तेव्हापासून त्याच्या डोक्यात होतं.

पानं खरंच बाहेर जातात का, असं त्यानं सरळच विचारलं. बाईंना खोटं बोलता येत नव्हतं. जातात, आणि परत येतात, असं त्या म्हणाल्या. घेऊन कोण जातं तेही सांगितलं. दोऱ्याचं मात्र सांगितलं नाही. का, ते त्यांनाही कळलं नाही.

तो म्हणाला, “मला कडेवर घेऊन खिळे दाखवलेत त्यांनी, बाई. तुम्ही आज दुपारपर्यंत खात्री करा. काकाच असतील तर उद्यापासून येऊ नका म्हणून मी त्यांना सांगणार.”

“आणि नसतील तर?”

“नसतील तर मला आनंदच आहे. पण पानांना पाय फुटलेत म्हणून कसं समजू?”

खात्री करायची बाईंची एक जुनी रीत होती. कॉपीचा संशय आला की पेपर बदलून बघायचा. ओळंबे चहा घ्यायला मागच्या पडवीत गेले, तेवढ्यात बाई त्यांच्या जागेपाशी गेल्या. खणांच्या वर लाकडी चिमट्यात आजचं पान लावलेलं होतं. एका कासवाची आणि पोस्टमनची गोष्ट. बाईंनी ते काढून घेतलं आणि तिथं दुसरं पान लावलं. मधमाश्या कशा पाळाव्यात याच्या माहितीपत्रकातलं, छापून झालेलं, रद्दीत जायचं. विचार असा की ओळंबे दचकतील, इकडेतिकडे बघतील, फाइलीकडे धावतील. ज्याच्या मनात काळंबेरं आहे तो हरवलेल्या पानासाठी आरडाओरडा करत नाही, गुपचूप शोधतो. ते गुपचूप शोधणं त्यांना बघायचं होतं.

त्या कागदाच्या रिमांमागे स्टुलावर बसल्या. पासष्टाव्या वर्षी असं लपून बसणं आपल्याला शोभत नाही हे त्यांना कळत होतं. गुडघेही तेच सांगत होते.

ओळंबे आले. हात पुसले, चष्मा लावला, मान वर करून चिमट्यातल्या पानाकडे पाहिलं. अगदी नीट पाहिलं, मान डोलावली, आणि उजवा हात खणांवरून फिरू लागला. टक, टक, टक. एक ओळ भरली. मग त्यांनी डाव्या हाताचा अंगठा त्या ओळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, दोन जागी थांबले, दोन खिळे काढून फिरवून बसवले, आणि पुढच्या ओळीला लागले. मध्येच पुन्हा पानाकडे पाहिलं. मधमाश्यांच्या पेटीचं चित्र त्यांच्या नाकासमोर होतं.

बाई उठून जवळ गेल्या. पट्टीतल्या ओळी उलट्या वाचायला त्या शिकलेल्या होत्या, याच माणसाकडून. पट्टीत मधमाश्या नव्हत्या. पट्टीत कासव होतं. पत्र माझंच आहे कशावरून, असं ते पोस्टमनला विचारत होतं, शब्दाला शब्द बरोबर. आणि त्याच्या बोलण्याआधीचे दोन्ही स्वल्पविराम सरळ उभे होते.

हा वेगळाच पेपर होता आणि त्याचं उत्तर त्यांना नको होतं.

“ओळंबे,” त्या म्हणाल्या, “चिमट्यात काय लावलंय?”

हात थांबला. “का? आजचं पान.”

“वाचून दाखवा.”

पलीकडे मशीन धडधडत होतं. ओळंब्यांनी चष्मा काढला आणि बाईंच्या कानाच्या बाजूला बघत म्हणाले, “तुम्ही पान बदललंत.”

“बदललं.”

“शाळेतल्या बाई त्या शाळेतल्याच.” ते थोडे हसले. “समोरचं गेलंय, बाई. कडेचं दिसतं. माणूस आला हे कळतं, कोण आला ते कळत नाही. पाऊण वर्ष झालं. डॉक्टर म्हणाले, हे असंच राहील.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पानं घरी जात होती, खरं होतं. त्यांची बायको दिवसभर शिलाई मशीनवर बसायची, आणि संध्याकाळी कामं आटोपली की दुसऱ्या दिवशीची चार पानं त्यांना वाचून दाखवायची, तीन वेळा. ते पाठ करून यायचे. कासवाचा आवाज ती जाड काढायची आणि पोस्टमनचा बारीक, म्हणून कोण कुठं बोलतंय ते त्यांच्या लक्षात राहायचं. अक्षरांचे खण तर हाताला पाठच होते. बाजारात बाई भेटल्याचं त्यांना आत्ता पहिल्यांदा कळलं, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

बाईंना पर्समधला निळा दोरा आठवला. त्यांनी पर्स दुसऱ्या हातात घेतली.

“मग स्वल्पविराम?” त्यांनी विचारलं. “बाकी सगळं बरोबर येतं, तेच का चुकतं?”

“मी ते उलटेच लावतो. अजून चुकतात?” ओळंबे खरंच चकित झाले. त्यांनी पट्टी हातात घेतली, अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि मग एकदम थांबले. “अंगठा,” ते म्हणाले.

प्रत्येक खिळ्याच्या अंगाला एक खाच असते. ती बाहेरच्या बाजूला आली की खिळा सरळ बसला. पूर्ण ओळीवर अंगठा फिरवायचा, खाच लागली नाही तिथला खिळा उलटा समजायचा आणि फिरवायचा. डोळे होते तेव्हा डोळे सांगायचे की इथली खाच हवी तशीच आहे, हे बोलणं सुरू होतंय, सोड. आता अंगठ्याला सांगणारं कुणी नव्हतं. मुद्दाम उलटे लावलेले स्वल्पविराम तो इमानदारीनं सरळ करत होता. घाईत जे त्याच्याकडून निसटले तेवढेच बरोबर छापले गेले. याआधीच्या माहितीपत्रकांत कुणी बोलत नव्हतं, म्हणून हे आजवर उघडं पडलं नव्हतं.

“म्हणजे मीच लावतो आणि मीच बिघडवतो,” ओळंबे म्हणाले. डोळ्यांबद्दल सांगताना त्यांचा आवाज हलला नव्हता, आत्ता हलला. “किती झाले एकूण?”

“मोजले नाहीत,” बाई म्हणाल्या. एकशे सहा झाले होते.

धाकटा मालक दारात कधीपासून उभा होता ते दोघांनाही कळलं नाही. बाईंना वाटलं, तो आता ओळंब्यांचा हात वगैरे धरेल. त्यानं तसं काही केलं नाही. त्यानं विचारलं, घरी पानं आणखी कोण बघतं? शेजारीपाजारी? काकूंकडे कपडे शिवायला येणारी माणसं? आणि गेल्या वर्षीचं काय? गेल्या वर्षी मला दिसत होतं, असं ओळंबे म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हे उत्तर त्यांच्या बाजूचं नाही. दिसत होतं म्हणजे पानांची नक्कलही करता आली असती.

बाईंचा शाळेतला आवाज बऱ्याच दिवसांनी निघाला. “अरे, चोर असते तर पान हरवल्यावर शोधलं नसतं का? मी चिमट्यात मधमाश्या लावल्या, त्यांनी कासव जुळवलं. इथं लपवण्यासारखं एकच होतं, ते त्यांनी तुझ्यापासून लपवलं, कारण तू काढून टाकशील. काढणार होतास की नाही?”

मालकानं हात मागे बांधले.

शेवटी तो म्हणाला की पानं यापुढे छापखान्याबाहेर जाणार नाहीत. काकूंना वाचायचं असेल तर सकाळी इथं येऊन वाचावं, त्यांच्या वेळेचं काय ते मी बघतो. स्वल्पविराम परवापर्यंत सुधारले तर पुस्तक काकाच पुरं करतील. पुढचं पुढे. एवढं बोलून तो फाइल घेऊन गेला आणि बाईंनी पाहिलं, जाता जाता तो पानं मोजत होता.

परवापर्यंत म्हणजे दोन दिवस. अंगठ्याला आता विसर म्हणून तो काही विसरणार नव्हता. तोडगा ओळंब्यांनीच काढला. मूठभर स्वल्पविराम वेगळे करायचे आणि त्यांच्या दुसऱ्या अंगाला कानशीनं आणखी एक खाच पाडायची. ही नवी खाच हाताला खरखरीत लागेल. खरखरीत खाच बाहेर आली की स्वल्पविराम उलटा बसला, आणि ओळ तपासताना अंगठाही अडणार नाही. या खिळ्यांसाठी कोपऱ्यातला एक खण रिकामा केला. दोघं समोरासमोर बसून खिळे घासत राहिले, ओळंबे चाचपून आणि बाई चष्मा नाकावर ओढून. ओळंबेवहिनी मंगळवारी सकाळी आल्या, कासवाच्या जाड आवाजात एक पान वाचलं, मशीनवाला मशीन थांबवून ऐकत बसला. बाईंनी पाकिटातला दोरा त्यांना परत द्यायचं मनात आणलं आणि मग खिडकीतून टाकून दिला.

बुधवारी दुपारी पान छापून आलं. मालक बाईंच्या टेबलाशी उभा राहिला. ओळंबे आपल्या जागेवर पाठ करून उभे होते, आणि त्यांचा हात खणावर होता पण खिळा उचलत नव्हता. बाईंनी ओळीखाली पट्टी धरली आणि प्रत्येक अवतरणचिन्ह तपासलं. चोवीस जोड्या. सगळ्या बरोबर. त्यांचा स्वतःवर विश्वास बसेना, म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं, आणि खालून चौथ्या ओळीत एक स्वल्पविराम सापडला, एकटाच, पायाशी पडलेला.

मालकानं तो पाहिला. “हा?” तो म्हणाला.

बाई उठल्या, जुळवलेल्या पानापाशी गेल्या, चिमट्यानं तो खिळा उपसून उजेडात धरला. दोन्ही खाचा एकाच अंगाला होत्या, जुनी आणि तिच्या शेजारी नवी, चुकीच्या बाजूला घासलेली. घासण्याची रेघ तिरकी होती. ओळंब्यांनी पाडलेली एकही रेघ तिरकी नव्हती.

“हा माझा,” बाई म्हणाल्या.

पाठमोरे ओळंबे हसत असल्याचं त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं. “बाई,” ते म्हणाले, “तीन दिवस समोर बसून शिकावं लागेल.”

मालकानं प्रूफ उचललं, एकदा स्वतः मोजलं, आणि मशीनवाल्याकडे दिलं.