पितळेची कांडी

बाल्कनीच्या कट्ट्याला छोटा व्हाइस आवळून मच्छिंद्रने त्याच्या लोखंडी जबड्यांत पितळेची कांडी धरली. जबड्यांचे दाते पितळेवर उमटू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना चामड्याचे तुकडे घातले. मागे चाकांच्या खुर्चीत रविराज बसला होता. त्याचे दोन्ही हात मांडीवरच्या टॉवेलवर ठेवलेले होते, म्हणजे त्याच्या बायकोने, ऋतुजाने, सकाळी ठेवले होते तसेच.

“किती कमी करू?” मच्छिंद्रने विचारलं.

“पन्नास ग्रॅम तरी.” रविराजचे शब्द सावकाश, एकमेकांना चिकटून येत होते. “बोटं दमतात, आप्पा.”

“मधनं पोकळ करतो मग. ड्रिल आणलंच हाय.”

शेजारच्या खाटेवर गिटार उताणी पडली होती. साधी गिटार नव्हे. हिचं अंग पत्र्याचं, आणि पोटात अ‍ॅल्युमिनियमची पातळ ताटली. तार छेडली की ती ताटली घुमते आणि आवाज लांबवर जातो. बारा वर्षांपूर्वी परदेशी निघालेल्या एका वादकाकडून रविराजने ती घेतली, तेव्हा वाघोलीच्या घरात मच्छिंद्रने तिच्यावर टिचकी मारून विचारलं होतं, “नोकरी लागली, आता हा पत्र्याचा डबा कशापायी?” त्यानंतर रविराजने घरात कधी गिटार वाजवली नाही. कार्यक्रम होत, पेपरात बारीक अक्षरांत नाव येई. त्याची आई, मथुराबाई, दोनदा जाऊन आली. मच्छिंद्रची त्या दिवशी खडकीच्या कारखान्यात पाळी असे, किंवा तो मागून घेई.

मग आजार आला. आधी डाव्या हाताची बोटं, मग उजवा, मग पाय. डॉक्टरांनी पुढचंही सांगून ठेवलं होतं, बोलणं जाईल, मग गिळणं. त्यावर औषध नव्हतं. मथुराबाई औंधला लेकाकडे येऊन त्याचे पाय चेपत बसायची. मच्छिंद्रला ते जमत नसे. तो चहा प्यायचा, टीव्हीकडे बघायचा, आणि वीस मिनिटांत उठायचा. “निघतो. परत बस मिळायची न्हाई.”

उन्हाळ्यात एकदा तो असाच उठला असताना रविराजने हाक मारली होती.

“आप्पा, बोटांनी तार दाबता येत नाही आता. पण तारा वर उचलल्या, तर गिटार मांडीवर आडवी ठेवून वरनं कांडी फिरवता येते. तुम्हाला जमेल?”

चौतीस वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसाला जमेल का म्हणून कुणी विचारलं नव्हतं. मच्छिंद्र पुन्हा खाली बसला. खिशातली डायरी काढून त्याने मापं लिहून घेतली.

पुढच्या रविवारी तो पोलादाची खाचा पाडलेली पट्टी घेऊन आला आणि गिटारच्या मानेच्या टोकाला बसवून त्याने तारा नऊ मिलिमीटर उचलल्या. मग ही कांडी केली. ती बोटांतून निसटू लागली म्हणून गणपतीच्या आधी तिला अंगठी जोडली. उजवं मनगट टेकायला ताटलीवरच्या झाकणावर कमान बसवली. प्रत्येक रविवारी नवं काहीतरी निघे. सकाळी साडेनऊला येऊन तो दिवेलागणीला निघे, आणि कानस चालू असली की त्याचं तोंडही चाले. शिकाऊ असताना हाताला आलेले फोड, पाण्याच्या टाकीत पडलेला सुपरवायझर, संपाच्या वेळची खिचडी. रविराज विचारायचा, “मग?” इतकं तो या पोराशी आयुष्यात बोलला नव्हता.

ड्रिल लावण्याआधी मध्यबिंदू काढायचा म्हणून मच्छिंद्रने चष्मा सारखा केला आणि कांडी व्हाइसमधून सोडवून उजेडाकडे धरली.

तो तसाच थांबला.

कांडीला शेवटचा हात त्यानेच मारला होता, सगळ्यात बारीक पॉलिश पेपरचा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्या रेघा जशाच्या तशा होत्या. पोलादाच्या तारांवर पितळ एक दिवस जरी घासलं, तरी आडवे ओरखडे पडतात. इथे दोन महिने झाले होते. त्याने नखाने चाचपलं. अंगठीच्या सांध्यात पॉलिशची पांढरी पूडसुद्धा तशीच होती. त्याने गिटारकडे पाहिलं. तारांवर, जिथून कांडी फिरायला हवी तिथेच, गंजाचे बारीक ठिपके धरले होते.

“काय झालं?” रविराजने विचारलं.

“काय न्हाई. पाणी पिऊन येतो.”

स्वयंपाकघरात ऋतुजा डाळ मिक्सरमधून काढत होती. रविराजला आता तेवढंच उतरत होतं. मच्छिंद्रने माठातून पाणी घेतलं, पण पेला तसाच हातात धरला.

“पोरी, वाजवतो का गं तो?”

ऋतुजाने मिक्सरचं झाकण घट्ट लावलं, मग पुन्हा काढलं.

“गणपतीत एकदा वाजवून बघितलं त्याने. कांडी उचलताच आली नाही.” तिने दाराकडे पाहून आवाज खाली आणला. “तेव्हापासून गिटार कपाटावर असते. रविवारी तुम्ही यायच्या आधी मी खाली काढते, पुसते. आप्पा, मी सांगितलं असं त्याला कळू देऊ नका.”

“पन्नास ग्रॅम कमी कर म्हणाला.”

“हो. काल रात्री मलाच विचारत होता, आप्पांना आता कुठलं काम सांगू. काही सुचेना त्याला.” तिने पदराऐवजी मनगटानेच डोळे पुसले, हाताला डाळ लागली होती. “काम नसलं की तुम्ही लगेच जाता ना.”

मच्छिंद्र पाणी प्यायला. पेला विसळून पालथा घातला. थोडा वेळ तो ओट्याची कड धरून उभा राहिला, मग बाल्कनीत आला.

त्याने व्हाइसचा स्क्रू सैल केला. व्हाइस पिशवीत ठेवला, त्यावर ड्रिल, कानशी, चामड्याचे तुकडे. रविराज एकेक वस्तू आत जाताना बघत होता.

“निघालात? एवढ्यात?” तो म्हणाला. “खुंट्या पण घट्ट झाल्यात, आप्पा. आणि ते झाकण... आतून खडखडतं.”

“बघू की. कुठं पळून चाललंय ते?”

मच्छिंद्रने पिशवीची चेन ओढली आणि ती पायाने खाटेखाली सारली. स्टूल उचलून त्याने खुर्चीच्या अगदी जवळ, गुडघ्याला गुडघा लागेल असं ठेवलं. बसल्यावर हातांचं काय करावं ते त्याला कळेना. मग त्याने रविराजचा डावा हात टॉवेलवरून उचलून आपल्या दोन्ही हातांत घेतला. हात गार होता, आणि वाटला होता त्याहून फार हलका.

“रवी.”

“हं.”

“माझं लई ऐकलंस तू. तुझा पहिला कार्यक्रम झाला, त्याला मी न्हवतो. कसं झालतं? पहिल्यापासनं सांग.”

रविराजने बापाकडे पाहिलं, मग खाटेखालच्या पिशवीकडे. खाली सोसायटीत कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

“हॉल... छोटा होता,” तो म्हणाला. ‘छोटा’ म्हणायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. “पुढच्या रांगेत... दोन खुर्च्या... ठेवल्या होत्या मी.”

मच्छिंद्र हातातल्या हातावरून अंगठा फिरवत राहिला.

“मग?” त्याने विचारलं.