ठसका न उठलेलं कालवण

मेघनाचं लग्न झालं ते दोन हजार तेवीस साल. बाजीरावांची ही धाकटी लेक. माळेगाव बुद्रुकला, साखर कारखान्याच्या अलीकडच्या वस्तीवर मांडव पडला होता. त्या लग्नाला बाजीरावांचा सख्खा भाऊ हणमंत इंदापुराहून बिनबोलावता आला, मांडवाच्या कडेला उभा राहिला, अक्षता टाकल्या आणि न जेवता निघून गेला. बाजीरावांनी ते पाहिलं, पण न पाहिल्यासारखं केलं.

दोघा भावांत पंधरा वर्षं बोलणं नव्हतं. घराचा धंदा दगड फोडायचा, विहिरी खोदायचा. बाप वारला तेव्हा बाजीराव मोरगावच्या पुढं एका विहिरीवर होते. निरोप पोचला, पण एसटी चुकली, आणि ते घरी येईपर्यंत हणमंतानं बापाला माती देऊन टाकली होती. उन्हाळ्याचे दिवस, किती वेळ ठेवायचं, असं तो म्हणाला. बाजीरावांनी त्या दिवसापासून भावाच्या घरचं पाणी तोंडाला लावलं नाही.

लग्नानंतरच्या पावसाळ्यात बाजीरावांच्या गालात गाठ धरली. जन्मभर चघळलेल्या तंबाखूनं डाव साधला. दवाखान्यात गाल कापला, मग किरणांचा शेक दिला. घरी आले तेव्हा तोंड नीट उघडत नव्हतं आणि आतून सगळं सोलून निघालं होतं. एकदा पिठल्यात हिरव्या मिरचीचा तुकडा राहिला, तर माणूस ताट सोडून उठला आणि कितीतरी वेळ भिंतीकडं तोंड करून बसला. त्यांच्या बायकोनं, केसरबाईनं, ते ताट तसंच उचलून नेलं.

दिवाळी सरल्यावर एका सकाळी बाजीराव पोराला म्हणाले, "समाधान, तुज्या काकाला फोन लाव. म्हणावं, रविवारी जेवायला ये." मग बायकोकडं वळून म्हणाले, "डुकराचं कर. बाप करायला लावायचा तसं."

विहिरीला पाणी लागलं की बाप डुकराचं लाल कालवण करायला लावी. आणि पोरं भांडली की दोघांना त्याच पातेल्यापाशी बसवी. एका पातेल्यातलं दोघांनी खाल्लं की भांडण मिटलं, पुन्हा कुणी काढायचं नाही.

"तुमाला साधं खिमटबी जात न्हाय," केसरबाई म्हणाली. "तुमचं येगळं काढते, बिनतिखटाचं."

"येगळं न्हाय. येगळं खाल्लं तर मिटलं कशाचं? नि त्याला माज्या तोंडाचं काय सांगू नगंस. गाठ काढली एवढं त्याला ठावं हाय, तेवढं बास. मराया टेकला म्हून बोलीवलं, आसं वाटाया नगं त्याला."

"मग सगळंच फिकं करू?"

"म्हंजे तो पायताण घालून उठंल."

ते खरंच होतं. त्या घरात पाव्हण्यापुढं फिकं कालवण ठेवणं म्हणजे, आता निघा, असं सांगणं. आणि हणमंत तर लवंगी मिरची शेंगदाण्यासारखी खाणारा. नवऱ्याला घास गेला नाही तरी समेट मोडणार, आणि दिराला कालवण फिकं दिसलं तरी मोडणार. हे सगळं केसरबाईच्या हातावर येऊन पडलं.

ती बारामतीच्या बाजारात गेली आणि ब्याडगी मिरची घेऊन आली. सुरकुतलेली, काळपट लाल. रंग भरपूर, जाळ थोडा. शनिवारी दुपारभर अंगणात बसून तिनं एकेक मिरची उभी फोडली, बी झटकलं, आतल्या शिरा नखानं ओढून काढल्या. राहिलेली सालं गरम पाण्यात भिजत घातली. रविवारी उजाडायच्या सुमाराला लसूण, धने आणि भाजलेल्या खोबऱ्याबरोबर ती पाट्यावर वाटली. वाटण लोण्यासारखं होईपर्यंत तिनं वरवंटा सोडला नाही.

चुलीला तिनं बाभळीचं लाकूड घातलं. उसाचं पाचट भडकतं आणि विझतं, त्याचा इथं उपयोग नाही. मटण चरबी-कातड्यासकट आधी आपल्याच चरबीत परतलं, मग त्यात वाटण टाकलं. रेश्मा, तिची सून, दारात येऊन उभी राहिली.

"आत्या, ठसकाच न्हाय उठला ओ."

"न्हाय उठला तर न्हाय."

"वाटण टाकलं की शेजारची शिंकत्यात आपल्यात. इंदापूरचं मामांजी काय म्हंतील? लवंगीचा एक चमचा टाकू का वरनं?"

"हात लावशील तर बघ," केसरबाई म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुज्या सासऱ्याला खायचं हाय हे. समजलं?"

रेश्मा निखारे मागं ओढू लागली.

पातेलं मंद जाळावर दुपारपर्यंत रटरटत राहिलं. कातडं बोटानं दाबलं तर तुटेल असं झालं. वर लालभडक तवंग आला. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर जिभेला चटका बसावा असा रंग.

हणमंत आला तो दारातच घुटमळला. बाजीराव खाटेवरून म्हणाले, "आत ये. दार काय तुज्या बापाचं न्हाय व्हय?"

"दोघांच्याबी बापाचं, दादा," हणमंत म्हणाला आणि आत आला.

दोघं समोरासमोर बसले. मध्ये पातेलं. केसरबाईनं वाढलं. बाजीरावांनी ज्वारीची भाकरी रश्श्यात कुस्करली, भिजू दिली, आणि बोटांनी एक लहान घास गालाच्या चांगल्या बाजूनं आत सारला. केसरबाई पदर मुठीत धरून उभी होती. घास गेला. दुसराही गेला.

मग हणमंतानं घास घेतला. चावता चावता तो थांबला. त्यानं लाल रश्श्याकडं पाहिलं, भावाच्या खोल गेलेल्या गालाकडं पाहिलं, मग मान वर करून केसरबाईकडं पाहिलं.

"हाश्श!" हणमंत ओरडला. "वैनी, कालवण केलंय का जाळ केलाय? पाणी द्या आधी!" त्यानं तांब्या तोंडाला लावला, उपरण्यानं नाक पुसलं, हुश्श हुश्श करत पुन्हा घास घेतला. "दादा, तुमी कसं खाता ओ हे?"

"वय झालं तुजं," बाजीराव म्हणाले. तोंड उघडत नव्हतं, म्हणून ते डोळ्यांनीच हसले. "आमी खातो म्हंजे खातो. केसर, वाढ त्याला अजून. रडू दे."

हणमंताच्या डोळ्यांतून खरंच पाणी वाहत होतं. त्या कालवणात रडण्याएवढं तिखट नव्हतं, हे तिथं बसलेल्या दोघांना आणि उभ्या असलेल्या तिसरीला ठाऊक होतं. पातेलं रिकामं झालं. बापाचं नाव त्या दिवशी निघालं नाही, आणि पुढंही भांडणापायी निघालं नाही.

त्यानंतर हणमंत दर आठवड्याला यायचा, भावाच्या खाटेशी बसायचा. शेवटच्या पहाटेही तोच उशाशी होता. समाधान तेव्हा उसाची ट्रॉली घेऊन सोमेश्वरनगरला गेलेला, त्याचा फोन लागत नव्हता. दिवस वर आला तशी माणसं म्हणू लागली, आता उरकून घ्या. हणमंत उंबऱ्यात आडवा बसला.

"पोरगं येईस्तोवर कुणी हात लावायचा न्हाय," तो म्हणाला. "मी एकदा घाई केली, तेवढी बास."

समाधान दुपार कलल्यावर आला. मग बाजीरावांना उचललं.

बाजीराव दोन हजार चोवीस साली, माघी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, माळेगावच्या घरी वारले.